ऑक्टाव्हिया आरएसचा ऑइल कूलर काढताना : माझा अनुभव

कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत तेल दिसलं की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच निकाल लागतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलं. या गाडीवर काम करून मी एवढं ठामपणे सांगतो की हेड उघडायच्या आधी ऑइल कूलर, म्हणजे कूलंटने तेल गार करणारा भाग, उतरवून बघा. गाडी म्हणजे २००४ मध्ये भारतात आलेली ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटरचं २० व्हॉल्व्ह टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ मध्ये ऑक्टाव्हियापासूनच सुरू झाला, त्यामुळे संभाजीनगर-जालना पट्ट्यात या इंजिनाला हात लावणारे मिस्त्री अजून सापडतात.

यात कूलर म्हणजे बंपरमागे लावलेली जाळी नव्हे. ब्लॉकच्या पुढच्या अंगाला ऑइल फिल्टरचं हाउसिंग आहे, त्या हाउसिंगच्या आणि फिल्टरच्या मध्ये एक चपटा डबा बसतो. आत पातळ पत्र्यांचे थर. एका थरातून तेल, शेजारच्या थरातून कूलंट. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून पत्रा फुटला की आधी तेल कूलंटमध्ये घुसतं आणि टाकीत दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर जमतो. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब लगेच शून्यावर येतो, कूलंटचा मात्र गाडी गार होईपर्यंत टिकतो. मग उलटं होतं आणि कूलंट तेलात उतरतं. टाकीत तेल आहे, पण बुडबुडे येत नाहीत, टेंपरेचर वाढत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही, अशा वेळी माझा पहिला संशय कूलरवर. फक्त तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली तर घाबरू नका. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर वाफेनेही ती धरते.

इंजिन पूर्ण गार हवं. मे महिन्यात दुपारी थांबवलेली गाडी संध्याकाळीही गरमच असते, म्हणून हे काम सकाळी घ्यावं. पुढची बाजू दोन स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. खालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढा, टाकीचं झाकण उघडा आणि रेडिएटरचा खालचा पाइप सोडून कूलंट घमेल्यात घ्या. पाच-सहा लिटर निघतं. ते गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री, शेळ्या, वासरं ते चाटतात, त्यामुळे घमेलं उघडं सोडू नका. मग चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) नट सोडून तेल काढा, फिल्टरसकट साधारण साडेचार लिटर.

फिल्टर फिरवून काढला की मधल्या पोकळ नळीवर मोठा नट दिसतो. कूलर त्या एका नटावर धरलेला आहे. नट सोडायच्या आधी कूलरच्या दोन्ही नळ्यांची दिशा रंगाने हाउसिंगवर खूण करून ठेवा. नवीन कूलर थोडा जरी फिरून बसला तरी पाइप पिळतो आणि काही महिन्यांनी तिथेच चिरतो.

खरी कसोटी पाइप काढताना. क्लिप स्प्रिंगच्या आहेत, पकडीने दाबून मागे सरकवा. पाइप थेट ओढायचा नाही. आधी जागेवर दोन्ही बाजूंना पिळून सुटा करा. चिकटलाच असेल तर ब्लेडने लांबीत चीर देऊन कापा. नवीन पाइप परवडतो. ओढाताणीत त्याच पाइपच्या दुसऱ्या टोकाचं, हेडवरचं प्लॅस्टिकचं फ्लँज (पाइप जोडायचं तोंड) मोडलं तर काम दुप्पट होतं. वीस वर्षं तापून ते प्लॅस्टिक बिस्किटाइतकं कुरकुरीत झालेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटाल तर कूलरची नळीही वाकते.

नट सोडताना एक हात कूलरखाली ठेवा, आत राहिलेलं तेल एकदम येतं. कधी नटाबरोबर मधली नळीच आट्यांतून फिरून बाहेर येते. तेव्हा आटे साफ करून, थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून ती आधी पक्की बसवा.

उतरलेला कूलर तपासायला पंक्चरवाल्याकडचं टब पुरतं. कूलंटची एक नळी रबरी बुचाने बंद करा, दुसरीतून दीडेक बार हवा द्या आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे तेलाच्या भोकातून आले की निकाल लागला. गार पाण्यात काही दिसलं नाही तर ऐंशी अंशांच्या पाण्यात पुन्हा बघा, बारीक चीर तापल्यावरच उघडते.

फुटण्याचं मोठं कारण वय, पण आपल्याकडे त्यात बोअरच्या पाण्याची भर पडते. टाकी कमी दिसली की त्यातच बाटली ओतली जाते. त्यातला क्षार कूलरच्या अरुंद वाटांमध्ये बसतो, ॲल्युमिनियम खातो. ॲसिडने कूलर साफ करून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका, ॲसिड क्षाराबरोबर पत्राही खातं. तेलाच्या बाजूने धातूचा चुरा निघाला तर तो कूलर वापरायचाच नाही. चुरा थरांतून पूर्ण धुतला जात नाही आणि पुढे बेअरिंग खातो.

बसवताना हाउसिंगचा माथा चिंधीने कोरडा करा, नव्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) नुसतं इंजिन ऑइल चोळा. सिलिकॉन अजिबात नको. त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या, तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरच्या जाळीत अडकतात, आणि या इंजिनाची जाळी काजळीने तुंबण्यासाठी आधीच बदनाम आहे. ती तुंबली की आधी टर्बो तेलाविना उपाशी राहतो. कूलरचा नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) २५ न्यूटन मीटर, चेंबरचा ३०. ‘अजून थोडा’ म्हणून आवळाल तर ओ-रिंग चेपते आणि गळती तिथूनच सुरू होते.

आता धुण्याचं काम, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. साध्या पाण्याने तेल निघत नाही. भांडी घासायच्या साबणाचा फेस होतो, म्हणून डिशवॉशर मशीनची कमी फेसाची पावडर विरघळवून भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून थर्मोस्टॅट (तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच, शेवटी दोनदा नुसतं डिस्टिल्ड वॉटर. सगळे रबरी पाइप हाताने दाबून बघा. तेलाने फुगून लिबलिबीत झालेला पाइप बदलाच, उन्हाळ्यात तो फुटणार.

कूलंट जी-१२ प्रकारचं, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं. इथे पाणी गोठत नाही म्हणून प्रमाण कमी करणं चुकीचं. गंज रोखणं आणि उकळणबिंदू वाढवणं हे काम त्याच्याकडेच आहे, ४० टक्क्यांखाली जाऊ नका. हिरव्या कूलंटमध्ये ते मिसळू नका, तपकिरी गाळ होतो. तेल ५-डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ०० मानकाचं. पहिल्या स्टार्टआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, थांबून थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा, म्हणजे टर्बो कोरडा फिरत नाही.

तेलात कूलंट उतरलेलं असेल तर पाचशे किलोमीटरवर तेल आणि फिल्टर पुन्हा बदला. त्याच वेळी, गाडी गार असताना टाकीतल्या कूलंटवर पांढरा टिश्यू टेकवा. तेलाचा डाग उमटला तर आणखी एकदा धुवायचं.