तुम्ही विचारलंत म्हणून: ही पोरं ऐकतात कशी?

भिशीत विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं, एकदा तर नाशिकच्या सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, स्टॉपवर बसची वाट बघताना एका अनोळखी आजोबांनी विचारलं. शब्द थोडे इकडेतिकडे, प्रश्न तोच: "तुम्ही मारत नाही म्हणता, वर्गाबाहेर काढत नाही म्हणता, मग तसली पोरं तुमचं ऐकतात कशी?"

शाळांना नकोशा झालेल्या मुलांना मी शिकवते. दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून दर वेळी मी हसून विषय बदलते. आज बसून लिहिते.

पहिली गोष्ट, पुष्कळदा ऐकत नाहीत. गेल्याच मंगळवारी एकाने माझ्या डब्यातली गवारीची भाजी खिडकीतून बाहेर भिरकावली. खाली किराणा दुकान आहे. भाजी त्यांच्या ताडपत्रीवर पडली. दुकानदार वर आले आणि त्यांनी ज्या शिव्या दिल्या, त्यांतली एकही मुलांना नवी नव्हती.

पेठ रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्या, एक गॅलरी आणि सात मुलं, एवढा आमचा वर्ग. वयं १३ ते १७. पाच मुलगे, दोन मुली. मी, एक सर, एक मावशी, आणि गुरुवारी समुपदेशक येतात. यातल्या कुणालाही शाळेतून काढलेलं नाही, निदान कागदावर तरी नाही. पालकांना बोलावून एवढंच सांगितलेलं असतं, "तुम्हीच दाखला काढून घ्या, म्हणजे आम्हाला शेरा मारावा लागणार नाही." हे वाक्य मी इतक्या आईबापांच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलंय की कुठेतरी छापून मिळतं की काय असं वाटतं.

मुलांची नावं सांगणार नाही. ज्या भागातून येतात त्यावरून हाक मारते, आणि भागही अदलाबदल केलेत.

आधी सातपूर. वय १४. कारकीर्द: दोन बेंच मोडले, एका मास्तरांच्या गाडीची हवा सोडली, वह्या किती फाडल्या याची मोजदाद नाही. आला तेव्हा वडील सोबत होते, कंपनीतल्या रात्रपाळीहून सरळ आलेले, डोळे लाल. मला म्हणाले, "मॅडम, दोन ठेवून द्यायच्या. आमची परवानगी आहे." हेही मी नेहमी ऐकते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्ही बंद केलंय, २०१० पासून, त्यात बापाच्या परवानगीला जागा नाही, हे मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मीही कायद्यावर भिस्त ठेवून थांबत नाही. माझा मुद्दा साधा आहे: याला पहिलीपासून मार बसलाय. त्याने गुण यायचा असता तर एव्हाना आला असता.

आमच्याकडे शंभर पानी वही असते, प्रत्येक मुलाची एक. पानावर तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यातून त्याला काय मिळालं. पंधरा दिवस फक्त लिहायचं. सुधारायला जायचं नाही. सातपूरच्या वहीत नऊ नोंदी झाल्या. त्यांतल्या सात मराठीच्या तासाला. सर धडा वाचून घेतात, ओळीने एकेक परिच्छेद. सातपूरचा नंबर दोन मुलांवर आला की तो शेजारच्याला कोपर मारायचा, पुढच्याची वही ओढायचा, काहीच जमलं नाही तर स्वतःचंच पुस्तक फाडायचा. मग त्याला जुन्या शाळेत काय मिळत होतं? "चल, बाहेर उभा राहा."

म्हणजे हवं तेच मिळत होतं. आतल्या चाळीस जणांपुढे अडखळत वाचण्यापेक्षा बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं राहणं शंभर पटीने बरं. शाळा त्याला रोज सोडवत होती आणि वर म्हणत होती, शिक्षा करूनही पोरगं सुधारत नाही.

एकट्याला जवळ बसवून वाचायला दिलं तेव्हा दिसलं. 'ध' आणि 'घ' एकच, 'भ' आणि 'म' एकच. जोडाक्षर आलं की निम्मं गिळायचा, 'प्रकाश'चा 'पकाश'. आठवीपर्यंत हे कुणाला कळलं नाही, कारण प्रत्येक वेळी तो त्याआधीच वर्गाबाहेर गेलेला असायचा. मग सिव्हिलच्या चकरा, चाचण्या, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र. त्यावर दहावीला लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. पण दहावी लांब होती. उद्याचा मराठीचा तास जवळ होता. सरांनी एवढंच केलं: उद्या तुला कोणत्या दोन ओळी वाचायच्यात ते आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून द्यायचे. फक्त दोन. तो त्या घरून पाठ करून यायचा, बोट ठेवून वाचल्यासारखं करायचा. ही फसवणूक आम्हा तिघांना माहीत होती आणि तिघांनाही चालत होती. कोपर मारणं बंद झालं.

कागदावर कुणाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अंगात अतिचंचलपणा) लिहिलंय, कुणाला ओडीडी (सतत विरोध, उलटून बोलणं), एकाला नुसतंच 'वर्तन समस्या'. मी कागद नीट वाचते. एडीएचडीची लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसायला लागलेली असावी लागतात, एवढं एक वाक्य पालकांना मुद्दाम सांगते. कारण सातवीपर्यंत धड असलेलं मूल आठवीत 'अचानक बिघडलं' म्हणतात तेव्हा मला आधी त्या वर्षी घरात काय झालं ते ऐकायचं असतं. बहुतेक वेळा काहीतरी झालेलं असतंच.

आता पंचवटी. हा सोळाचा, गोदाघाटावरच लहानाचा मोठा झालेला. रंगपंचमीला शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, पहिली उडी आपली असते असं तो सांगतो. खरंखोटं मी तपासलेलं नाही. आमच्या वर्गाचं सगळ्यात कामाचं हत्यार त्यानेच दिलं.

राग किती आलाय हे सांगण्यासाठी मी भिंतीवर एक ते पाच आकड्यांची पट्टी लावली होती. पुस्तकात असते तशी, खाली हिरवी, वर लाल. कुणी ढुंकून बघायचं नाही. एक दिवस मी पंचवटीला विचारलं, "किती आहे आज?" तो म्हणाला, "ताई, आकडे नका विचारू. कमरेपर्यंत आलंय."

नाशिकच्या बाहेरच्यांसाठी सांगते. रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी मोजायचं माप म्हणजे तो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं अख्खं गाव बोलतं आणि त्यावरून दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. २०१९ च्या ऑगस्टात तर मारुती दिसेनासा झाला होता. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि पंचवटीनेच कार्डशीटवर मारुती काढला. दोन तोंडं काढताना एक जरा मुख्याध्यापकांसारखं झालं, त्यावर अर्धा तास हसण्यात गेला. तेव्हापासून दारातून आत येताना प्रत्येक जण बोलायच्या ऐवजी हात लावून दाखवतो. गुडघा म्हणजे ठीक. कंबर म्हणजे आज गणित नको. गळा म्हणजे विचारू नका, गॅलरीत जाऊन बसतो, पाणी उतरलं की येतो.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. रामकुंडावर पूर दिसतो तेव्हा वरच्या अंगाच्या गंगापूर धरणातून पाणी सुटून काही तास झालेले असतात. आणि घाटावर उभं राहून नदीला दटावणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मुलाचंही तसंच. एकदा त्याचा भडका उडाला की माझ्या हातात फार थोडं असतं: आवाज खाली आणायचा, दोन शब्दांवर तिसरा बोलायचा नाही, अंगावर जायचं नाही, आणि त्याच्या व दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही. वाट अडवली की साधं पोरगंही धक्का मारतं. 'असं का केलंस' हे तेव्हा विचारायचंच नाही. अर्धा तास, कधी तासभर जाऊ द्यायचा.

हे सगळं मला येतं, मी दुसऱ्यांना शिकवते, आणि तरी एका बुधवारी माती खाल्ली. रात्रभर आईपाशी दवाखान्यात जागून आले होते. पहिल्या तासाला चाचणी होती. पंचवटी दारात आला आणि त्याने गळ्याला हात लावला. मला वाटलं, चाचणी चुकवतोय. सगळ्यांसमोर म्हणाले, "नाटकं नकोत. बस खाली." तो बसला. ऐकलं त्याने. पंधरा मिनिटांनी स्टीलची बाटली खिडकीच्या काचेतून आरपार गेली.

कुणाला लागलं नाही. काचा मावशींनी कुणालाही हात लावू न देता गोळा केल्या. दुपारी मी त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण बोलले होते ते सगळ्यांसमोर. आणि काच त्याने फोडली होती म्हणून ती आणायला त्यानेच यायचं, हेही सांगितलं. संध्याकाळी आम्ही दोघं टेपने माप घेऊन निघालो, १८ बाय २४ इंच. दुकानदाराने काच कापून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. ती मी धरावी की त्याने, यावर जरा झालं. शेवटी त्याने धरली. संध्याकाळची गर्दी, रिक्षा, हातगाड्या, आणि हा पोरगा काच छातीशी धरून तिरका चालतोय, समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला "ओ काका, काच आहे, काच" करतोय. वाटेत न विचारता बोलला. आदल्या रात्री मामाने त्याची कबुतरं विकून टाकली होती. अकरा होती. त्यातलं एक अंड्यावर बसलेलं.

तो बुधवार माझ्या वहीत लिहिलेला आहे. हो, माझीही वही आहे, तेच तीन रकाने.

दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल, असा सल्ला बरेच जण देतात. तो चुकीचा नाही, पण अर्धा सांगितला जातो. दुर्लक्ष सुरू केलं की ती गोष्ट आधी वाढते. गाडीची किक मारून गाडी सुरू होईना, तर आपण काय करतो? आणखी दहा जोरात मारतो, मग सोडतो. मुलंही तेच करतात. बहुतेक मोठी माणसं नेमकी आठव्या किकेला खवळतात, आणि मुलाला कळतं की आठ मारल्या की गाडी सुरू होते. शिवाय स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल तिथे दुर्लक्ष चालतच नाही, हे वेगळं सांगायला नको.

मुलींचं दुखणं निराळं. देवळालीची पंधरा वर्षांची मुलगी आली, तिने काही फोडलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. भर मे महिन्यात पूर्ण बाह्या, आणि अकरा दिवस तोंडातून शब्द नाही. अशा मुलींना आमच्यापर्यंत यायलाच उशीर होतो, कारण त्यांचा शाळेला त्रास नसतो. त्या 'शांत आणि समंजस' असतात, प्रगतिपुस्तकात तसं लिहिलेलंही असतं. बाह्यांचं काय ते समुपदेशकांना पहिल्याच दिवशी कळवलं होतं आणि आईलाही बोलावलं होतं. बोलतं कसं करायचं ते मात्र माझ्याकडे होतं.

घरी वेळ झाला नव्हता म्हणून बाराव्या दिवशी मी मेथीची जुडी वर्गात घेऊन गेले आणि मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी, समोर नव्हे, निवडायला बसले. थोड्या वेळाने तिने चार काड्या ओढल्या. कोवळे देठही टाकत होती. मी काही बोलले नाही, उचलून आपल्या ढिगात घेतले. तिसऱ्या दिवशी, जुडी संपत आली असताना, म्हणाली, "आमच्याकडे देठ घेत नाहीत." अकरा आणि तीन, चौदा दिवसांत पहिलं वाक्य, तेही माझी चूक काढणारं. मी म्हटलं, "घेऊन बघा एकदा." या वयाच्या मुलांना डोळ्यांत डोळे घालून 'बोल बाळा, काय झालं' म्हटलं की ती मिटतात. हात कामात असले आणि नजर भाजीत असली की बोलतात. आता सोमवार आणि गुरुवार भाजी असते, मुलगेही निवडतात. सातपूर मटार सोलताना अर्धे खातो. मावशींची त्यावर तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

तर ऐकतात कशी? ऐकावं लागेल असे प्रसंग मी कमी करत जाते, आणि त्यांचं काय चाललंय ते त्यांनी सांगायच्या आधी नाही तरी निदान सांगितल्यावर ऐकते. त्या बुधवारी तेवढंही जमलं नव्हतं.

पंचवटी तीन आठवडे झाले येत नाही. रविवार कारंज्याजवळ एका वडापावच्या गाडीवर उभा असतो, दिवसाचे पैसे मिळतात. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं असं आमचं ठरलेलं आहे. कागद सगळे तयार आहेत, फक्त सही आणि फोटो हवेत. परवा गेले होते तर तळणीवर गर्दी होती. त्याने मला पाहिलं, झारा डाव्या हातात घेतला, उजवा गुडघ्याला लावून दाखवला आणि परत कढईकडे वळला. मी दोन वडापाव घेतले, पैसे दुसऱ्या पोराने घेतले.

मुदत अजून आहे. सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला जाईन, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. फोटोवाला तिथून दोन मिनिटांवर आहे.