हार्वेस्टरमागचा काळा लोट

इंदूरच्या एका प्रयोगशाळेत मी हवेतल्या बुरशीचं काम करते. त्या मार्चमध्ये पिकल्या गव्हावर पाऊस पडला आणि सांवेर रस्त्यावरच्या काकांच्या शेतात ओंब्या काळ्या पडल्या. कापणीच्या दिवशी बुरशी वाढवायच्या पेट्री प्लेटी आणि व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या घेऊन मी बांधावर पोचले.

हार्वेस्टर सुरू झाला. मागून निघालेला लोट काजळीसारखा काळपट होता. काका तोंडाला गमछा बांधून त्याच्या मागोमाग चालत होते. "दर कापणीला महिनाभर खोकतो बघ. माती बाधते," म्हणाले. एक प्लेट मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उघडली, दुसरी त्या लोटात. दोन्ही एकेक मिनिटच.

पाचव्या दिवशी पहिलीवर बुरशीचे नऊ ठिपके होते. दुसरी कडेपर्यंत हिरवट-काळ्या मखमलीने भरलेली, मोजायचं काय? काचपट्टीवर मातीचे कण होते, पण त्यांच्यात बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या कणांची, दाटी. तपकिरी, एका टोकाला निमुळते, आत आडव्याउभ्या भिंती असलेले अल्टरनेरिया. भोवती बारीक क्लॅडोस्पोरियम. ही बुरशी पानांवर, ओंब्यांवर वाढते आणि कोरड्या वाऱ्यात जरा धक्का लागला की बीजाणू सुटतात.

त्या रात्री मला झोप लागेना. पीएम १०, म्हणजे हवेतले साधारण १० मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, मोजणारं यंत्र फिल्टरवरचं वजन सांगतं. कण मातीतून आला की पिकावरून, हे वजनाला कळत नाही. अल्टरनेरिया बहुतेक १० मायक्रॉनहून मोठा, म्हणून तो यंत्राच्या तोंडाशीच बराचसा अडतो आणि आकड्यात येत नाही. दमेकऱ्यांना छळण्यात मात्र तोच पुढे. पानांवरचे जीव तर ढगापर्यंत जातात. स्यूडोमोनास सिरिंगे या जीवाणूच्या अंगावरच्या प्रथिनामुळे पाणी उणे २ अंशांच्या आसपासच गोठू लागतं. शुद्ध पाण्याचा बारीक थेंब एरवी उणे ३८ पर्यंत द्रव राहू शकतो. आणि आपण या सगळ्याला धूळ म्हणून मोकळे होतो!

इंदूरच्या छावणी भागातल्या धान्य मंडीत गहू घालून काका लॅबमध्ये आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले.

"हे माझ्याच गव्हावरचं?"

"हो, काका."

त्यांच्या दुसऱ्या शेताची कापणी परवावर आली होती. मी दोन मास्क दिले. यंत्रामागे चालू नका, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, असं दोनदा बजावलं. दारापाशी जाऊन ते परत फिरले. भुसा भरणाऱ्या मजुरांसाठी त्यांना आणखी चार हवे होते.