टॉरेंट, वकिलाचं पत्र आणि अशोक कुमार

आमच्या शेअर्ड फ्लॅटमध्ये वकिलाचं पत्र आलं. नेट ज्याच्या नावावर आहे त्या बिचाऱ्याच्या नावाने. त्यात सिनेमाचं नाव, तारीख, सेकंदासकट वेळ, आयपी अ‍ॅड्रेस (म्हणजे नेट कनेक्शनचा नंबर) आणि खाली हजारेक युरोची मागणी. जर्मनीत याला आबमानुंग म्हणतात, आणि नवीन आलेल्या पोरांना सीनियर लोक बजावून सांगतात की बाबा, इथे टॉरेंटला, म्हणजे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून सिनेमे फुकट उतरवायच्या त्या सोयीला, हात लावू नकोस. तरी कोणीतरी लावतोच. (मी नाही.)

यात भांडण डाउनलोडचं नसतंच. टॉरेंट उतरत असताना आलेले तुकडे आपोआप पुढे दुसऱ्यांना जात असतात, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने तुम्ही सिनेमा वाटताय. या कामासाठी नेमलेल्या कंपन्या त्याच गर्दीत बसून आयपी टिपतात, मग कोर्टाचा आदेश घेऊन प्रोव्हायडरकडून नाव-पत्ता काढतात. शिस्तीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग २०१७ चा एक निकाल वाचला आणि डोकं फिरलं. एका घरच्या कनेक्शनवरून गाण्यांचा अल्बम शेअर झाला होता, तीन मोठ्या मुलांपैकी कोणी केला ते आईवडिलांना माहीत होतं, पण ते नाव सांगेनात. कार्ल्सरूहचं सर्वोच्च कोर्ट म्हणालं, नाव सांगत नाही ना, मग तुम्हीच भरा, ३५०० युरोच्या वर! एका अल्बमपायी आईबापांनी पोराचं नाव वकिलाच्या हातात द्यायचं? आपल्याकडे कोण देईल? त्या दोघांनीही शेवटपर्यंत दिलं नाही, हे वाचून जर्मन लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली बघा.

ऑफिसातला एक जर्मन म्हणे, तुमच्याकडे भारतात तर सगळे फुकटच बघतात. अरे, कायदा आमचाच कडक आहे, १९५७ च्या कॉपीराइट अ‍ॅक्टचं कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद. फक्त तो घरोघरी पत्रं धाडत नाही, आमची कोर्टं साइट ब्लॉक करायला लावतात आणि चोर माहीत नसेल तर केसमध्ये त्याचं नाव चक्क 'अशोक कुमार' लिहितात. आणि दिल्ली विद्यापीठातल्या फोटोकॉपीवाल्यावर बड्या प्रकाशकांनी केस केली तेव्हा २०१६ मध्ये हायकोर्ट विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं राहिलं, ते कोणी सांगत नाही. उलट इथे पत्रांचा धंदा एवढा माजला की २०१३ मध्ये यांच्याच संसदेला वकिलांच्या फीला लगाम घालावा लागला, पहिल्या पत्राची फी दावा १००० युरोचाच आहे असं धरून मोजायची म्हणून. नुकसानभरपाई मात्र तशीच मोकळी.

बरं, मी पैसे भरायला तयार आहे, भरतोही. पण मराठी सिनेमा लावायला गेलं की "तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही". हे सांगितलं तर तो ऑफिसातला म्हणतो, मग नाही बघायचा. त्याला काय जातंय म्हणायला, जगभरातले सिनेमे त्याच्याकडे जर्मनमध्ये डब होऊन येतात.