वॉर्सोत बघायला काय आहे?

मी पोलंडच्या राजधानीत, वॉर्सोत राहते. युरोपचा बेत आखणारं ओळखीचं माणूस मला हमखास विचारतं, "वॉर्सोत बघायला आहे काय? सगळं नव्यानंच बांधलंय ना?" प्राग आणि व्हिएन्ना आधीच ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त दुजोरा हवा असतो. तो मी देणार नाही.

हो, नव्यानं बांधलंय. जर्मनांच्या ताब्याविरुद्ध वॉर्सोकरांनी केलेला १९४४ चा उठाव ६३ दिवसांनी मोडून काढल्यावर जर्मनांनी उरलेलं शहर ठरवून जाळलं, सुरुंग लावून उडवलं. लोकांनी ते चित्रकार बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रं आणि जुने नकाशे, मोजमापं समोर ठेवून पुन्हा उभं केलं. राजवाडा तर लोकांसाठी खुला व्हायला १९८४ उजाडलं. त्याच्या कडेला झिग्मुंट राजाच्या स्तंभाचे फुटके तुकडे अजून आडवे पडलेत. आज उभा आहे तो खांब १९४९ चा, वरचा पुतळा मात्र डागडुजी केलेला जुनाच.

माझा मामेभाऊ आला तो नेमका १ ऑगस्टला. बाजारचौकात तो म्हणाला, "फिल्मसिटीत आल्यासारखं वाटतंय." मी गप्प बसले. इथे नवीन होते तेव्हा आईला फोनवर मीही हेच सांगितलं होतं. संध्याकाळी पाचला आम्ही ट्रामच्या थांब्यावर होतो आणि भोंगे सुरू झाले. ट्राम जागच्या जागी थांबली. गाड्यांतून माणसं उतरून उभी राहिली. शेजारच्या आजींनी भाजीची पिशवी खाली ठेवली, हात सरळ केले. दादा मोठ्यानं विचारत होता, "काय झालं? बॉम्ब आहे का?" मी त्याचा दंड घट्ट धरला. भोंगे थांबले, आजी पिशवी उचलून ट्राममध्ये चढल्या. मी त्याला सांगितलं, उठाव याच वेळी सुरू झाला होता. तो म्हणाला, "ते ठीक आहे गं, पण बघायला काय?"

हे मला फार लागलं. आम्ही दोघं कोल्हापूरचे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या देशाबद्दल कोल्हापूरच्या माणसानं असं बोलावं?

तुम्हाला यादीच हवी असेल तर वझेन्की बागेत उन्हाळ्यातल्या रविवारी संगीतकार शोपँच्या पुतळ्यापाशी पियानो ऐका. सोव्हिएत रशियानं भेट दिलेला २३७ मीटर उंचीचा संस्कृती-प्रासाद बघा. कितीतरी वॉर्सोकरांना तो डोळ्यांपुढे नको असतो, मला आवडतो.

बाजारचौकातली घरं मला अजूनही कधीकधी फार नीटनेटकी वाटतात, हेही खरं. १९४० मध्ये ज्या घेट्टोत ज्यूंना कोंडलं, पुढे जिथे चार लाखांवर माणसं खितपत होती, त्याच्या भिंतीचा एक विटांचा तुकडा झ्वोता रस्त्याजवळच्या एका चाळवजा अंगणात उरलाय. तिथे उभं राहिलं की वाटतं, खरं वॉर्सो हे. मग चौक खोटा का? पूर्वीची मी बेधडक "हो" म्हणाले असते. आज "नाही" म्हणते, पण दादाला ते पटवता येत नाही, आणि काही दिवशी मलाही.

तो पुढच्या उन्हाळ्यात प्रागहून पुन्हा इथे यायचं म्हणतोय. या खेपेला आधी ती भिंत दाखवणार आहे, चौक नंतर.