०.४६ आणि विड्यांचा हिशेब

निपाणीतल्या एका समाजमंदिरात विडी कामगार बायकांच्या क्षयरोग तपासणीचं शिबिर होतं. मी एक्स-रे तंत्रज्ञ. त्या दिवशीचा एक एक्स-रे अजून डोक्यातून जात नाही. एक्स-रे वाचून क्षयाचा संशय आकड्यात सांगणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्यावर ०.४६ हा आकडा दिला होता आणि आमची रेघ होती ०.५० ला. आकडा रेघेच्या वर गेला तर बेडका तपासायला जातो. खाली राहिला आणि बाईनं काही त्रास सांगितला नाही, तर ती घरी जाते.

सामान फार लागत नाही. साडेतीन-चार किलोचं बॅटरीवरचं यंत्र, १४ बाय १७ इंचांची डिटेक्टर पाटी, स्टँड, लॅपटॉप, शिशाचा एप्रन. सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्येच असतं, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही. मिनिटाच्या आत ० ते १ मधला आकडा येतो आणि फुप्फुसात जिथे संशय आहे तिथे रंग चढतो. रेडिओलॉजिस्ट बसतात बेळगावात नाहीतर कोल्हापुरात. गल्लीतल्या शिबिराला ते मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्या माणसांच्या चाळणीसाठी असं सॉफ्टवेअर एक्स-रे वाचणाऱ्या माणसाच्या जागी वापरायला संमती दिली, आणि त्याचा खरा उपयोग आमच्यासारख्या ठिकाणीच आहे. एक्स-रे कशाला, नुसता खोकला विचारा, असं म्हणणारे अजून भेटतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ ४३ टक्के लोक एक्स-रे काढला नसता तर निसटले असते.

पण सॉफ्टवेअरला चित्र नीट द्यावं लागतं, आणि तिथे घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. छाती पाटीला टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे ढकललेली. कोपरं मागे राहिली की खांद्याची फरी फुप्फुसावर येते. श्वास पूर्ण आत घेऊन धरला पाहिजे. मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या तर तो श्वास पुरेसा. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा तळ पांढुरका दिसतो आणि सॉफ्टवेअर त्यालाच आजार समजतं. दवाखान्यात ट्यूब सहा फुटांवर असते. हातातल्या यंत्राची ताकद कमी, म्हणून ते जवळ आणावं लागतं. फार जवळ आणलं तर हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, फार लांब नेलं तर एक्स्पोजरचा वेळ वाढून चित्र हलतं. यंत्र हातात धरण्यापेक्षा स्टँडवर लावलेलं केव्हाही बरं. आणि लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून तो सॉफ्टवेअरला द्यायचा, हे मी स्वतः पाहिलंय. असं कुणी करू नये. डिटेक्टरमधून निघालेली एक्स-रेची मूळ फाईल, म्हणजे डायकॉम फाईलच द्यावी.

बायकांच्या शिबिरात सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे वेणी. खांद्यावरून पुढे आलेला शेपटा फुप्फुसाच्या टोकावर पडतो, आणि क्षयाचा डागही बहुतेकदा तिथेच, वरच्या भागात असतो. मंगळसूत्र, ब्लाऊजचे हूक, सेफ्टी पिना पांढऱ्याफटक दिसतात, म्हणून चटकन ओळखू येतात. केसांची सावली मऊ असते, खऱ्या डागासारखी. म्हणून आडोसा, गाऊन, केस वर बांधायला रबर आणि कपडे बदलायला मदत करणारी एक आशाताई, एवढं असल्याशिवाय शिबिर सुरूच करू नये. पाळी चुकली आहे का, हेही आडोशाआडच विचारायचं; गरोदर बाईचा एक्स-रे शिबिरात काढत नाहीत.

ज्यांचा तो ०.४६ आला, त्या मावशींचा अंबाडा पिना काढताना सुटला होता. पहिल्या चित्राला ०.७१ आला, रंग उजव्या टोकावर. केस वर बांधून दुसरं चित्र काढलं, तर ०.४६. नोंदणीच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "सर, नॉर्मल. पुढची घ्या." नियमानं तो बरोबरच होता. पण दुसऱ्या चित्रातही उजव्या गळपट्टीच्या हाडामागे फिकट रंग राहिला होता. ते हाड नेमकं त्या जागेवरून जातं आणि मागचं झाकतं.

०.४६ म्हणजे क्षयाची शक्यता ४६ टक्के, असं नव्हे. लाखो एक्स-रे दाखवून शिकवलेल्या सॉफ्टवेअरला हे चित्र क्षयाच्या चित्रांशी किती जुळतं वाटलं, त्याचं ते माप आहे. रेघ कुठे ओढायची हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि आमची रेघ पुरवठादारानं सांगितली तिथेच ठेवलेली होती.

मावशींनी सगळ्या प्रश्नांना नाही म्हटलं होतं. खोकला? "त्यो रोजचाच, जर्द्याचा." तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या बाईला खोकला आजार वाटतच नाही, त्यामुळे छापील फॉर्ममधला पहिला प्रश्न निपाणीत निम्मा वाया जातो. मी विचारलं, "मावशी, दिवसाला हजार विड्या पुऱ्या होतात का अजून?"

"कुठलं बाळा. दिवाळीपासनं सहाशेच्या वर हात चालंना. दुपारी पडावं लागतंय."

विडीची मजुरी हजारावर असते. सूप मांडीवर घेऊन बसणारी बाई आपला रोजचा आकडा कधी विसरत नाही. वजनकाटा घरात नसतो, ताप मोजलेला नसतो, पण हा हिशेब असतो. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर मी हा प्रश्न हातानं लिहितो. उसाच्या फडात किती मोळ्या, वखारीत किती पोती, असा तो प्रत्येक धंद्याप्रमाणे बदलता येतो.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांच्या परवानगीनं मावशींना मागे झुकवून उभं केलं आणि तिसरं चित्र घेतलं. या स्थितीत गळपट्टीचं हाड वर सरकतं आणि फुप्फुसाचं टोक मोकळं दिसतं. असल्या चित्रावर सॉफ्टवेअर चालवायचं नसतं, ते सरळ उभ्या चित्रांवरच शिकलेलं आहे. डोळ्यांनी पाहिलं: हाडामागे बोराएवढा ठिपका आणि भोवती धूसर रेघा.

बेडका द्या म्हटल्यावर पहिल्यांदा आली ती लाळ. लाळ पाठवून तपासणी फुकट जाते. डबी घरी दिली: सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यानं चूळ भरायची, उघड्यावर उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, मग छातीतून खाकरून काढायचं, निदान दोन मिली. दुसऱ्या दिवशीचा नमुना चांगला होता. बेडक्यात क्षयाचे जंतू शोधणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर जंतू सापडले. रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद न देण्याची खूण नव्हती, म्हणजे सहा महिन्यांचं नेहमीचं औषध पुरेसं.

मला छळतो तो प्रश्न पुढचा. ०.३० ते ०.५० मधल्या बाकीच्या बायका घरी गेल्या. रेघ खाली आणली तर त्यांचेही नमुने घ्यावे लागतील, आणि ट्रूनॅटच्या चिपा मोजक्या येतात. वर ठेवली तर अशा मावशी निसटतात. तंबाखूच्या गावात रेघ कुठे असावी हे इथलेच एक्स-रे आणि इथलेच बेडके तपासून ठरवावं लागेल. त्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच छापलेली आहे. आम्हाला प्रशिक्षण द्यायला आलेल्या माणसानं मात्र सेटिंगला हात लावू नका एवढंच सांगितलं. वरून रोज विचारतात ते एक्स-रे किती झाले. रेघेखालच्या किती जणींचे बेडके तपासले, हे कुणी विचारत नाही. हे सॉफ्टवेअर मला हवं आहे, अगदी मनापासून. रोजच्या ढिगातून आधी कोणाकडे बघायचं, हे ते न थकता सांगतं. म्हणूनच त्याची रेघ कुणाच्या तरी सोयीची राहू नये असं वाटतं.

मावशी आता कागल तालुक्यात लेकीकडे आहेत. क्षयरुग्णांची सरकारी नोंद ठेवणारं निक्षय पोर्टल देशभर एकच, त्यामुळे कर्नाटकातला रुग्ण महाराष्ट्रात पाठवता येतो. मात्र पलीकडच्या केंद्रात फोन करून कुणी नोंद स्वीकारली, ते विचारून घ्यावं लागतं आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या हातात द्याव्या लागतात. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते खात्यावर जमा होतायत का हेही बघायचं. घरातल्यांची तपासणी दोन्हीकडे झाली.

०.३० ते ०.५० मधल्या बायकांची यादी करून मी अधिकाऱ्यांना दिली आहे. शेजारी एक रकाना ठेवलाय: पूर्वी किती विड्या, आता किती. ज्यांचा आकडा घसरलाय त्यांचे नमुने आधी घ्यायचे, असं ठरलंय. चिपा येतील तशा बाकीच्या.