पासावरचा चेहरा: मॉरिशसच्या मराठी घराण्याची चित्रकादंबरी करताना

मॉरिशसमधल्या मराठी घराण्याचा माग काढत गेलं की चार-पाच पिढ्यांनंतर गोष्टी संपतात आणि हाताला लागतो एक नंबर. चित्रकादंबरीचं काम तिथून सुरू करावं. घरातला सगळ्यात जुना जन्माचा, लग्नाचा किंवा मृत्यूचा दाखला घ्यायचा आणि नावासोबत स्थलांतरिताचा नंबर दिसेपर्यंत मागे जायचं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटकाळातल्या, म्हणजे करारावर मजूर नेले जात तेव्हाच्या, नोंदवह्या आहेत. नंबर असेल तर तिथे नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज असा ऐवज मिळू शकतो. नुसत्या नावावर विसंबू नका. कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, आणि पुढच्या पिढीत बापाचं पहिलं नावच आडनाव होऊन बसलंय. जातीच्या रकान्यावरही कथानकाचा डोलारा उभारू नये. सांगणाऱ्यानं काय सांगितलं आणि लिहिणाऱ्यानं काय ऐकलं, दोन्ही बेभरवशाचं.

नोंदीसोबत पासावरचा फोटो मिळाला, तर खरी परीक्षा पुढे असते. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा मोठा लोंढा १८४० ते १८६० च्या दशकांतला. फोटो सक्तीचा केला १८६७ च्या कायद्यानं, आणि तोही करार संपलेल्या ‘जुन्या’ स्थलांतरितांच्या पासासाठी. पास जवळ नसेल तर पोलीस भटक्या म्हणून पकडत, आणि फोटोचा खर्च मात्र ज्याचा फोटो त्याच्याच माथी. त्यामुळे पासावरचा माणूस धक्क्यावर नुकताच उतरलेला, बावरलेला कोकणी पोरगा नसतो. बेटावर दहा-पंधरा वर्षं काढून तो पुरता मुरलेला असतो. तोच चेहरा पोर्ट लुईत मजूर उतरत त्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्यांवर चिकटवला की वय चुकतं आणि पुढची सगळी पानं खोटी पडतात. पायऱ्या चढतानाचा चेहरा कुणीच टिपलेला नाही. तो घरातल्या आजच्या विशी-बाविशीच्या मुलामुलींवरून घ्यावा.

फोटो पुस्तकात कसा आणायचा? सुबक ट्रेसिंग करून पानभर व्यक्तिचित्र काढण्याचा मोह टाळा. तसं केलं की कॅमेऱ्यामागे सरकार होतं हे वाचक विसरतो. तो कागद कागदासारखाच काढा: शिक्का, नंबर, दुमडलेला कोपरा, मूळ मापात, आणि पुस्तकात एकदाच. मग पान उलटून तोच क्षण फोटोतल्या माणसाच्या नजरेतून दाखवा: समोर तिपाईवरचा कॅमेरा, कपडा डोक्यावर घेतलेला छायाचित्रकार, बाजूला वही उघडून बसलेला कारकून. तीन-चार चौकटी पुरतात. मूळ छायाचित्र छापायचं असेल तर संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या, छपाईच्या आदल्या आठवड्यात नको.

वर्ण हा विषय असलेल्या पुस्तकात सर्वांत जास्त घोटाळा त्वचेच्या छटेत होतो. फ्रेंच मळेवाला कोरा कागद, मजूर हॅचिंगमध्ये, म्हणजे समांतर रेघांच्या छटेत, आणि क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांचा वंशज, शेजारी काळा ठोकळा: ही सवयीची वाटणी. तिच्यात गोरेपण आपोआप ‘काहीच नसणं’ होऊन बसतं. गोऱ्यालाही छटा द्या, १० टक्के का होईना. गडद टोकाला ४० टक्क्यांपलीकडे जाऊ नका. मॅपलिथोसारख्या कोटिंग नसलेल्या कागदावर शाई पसरते, पडद्यावर ५० टक्के दिसणारा राखाडी छापून ७० च्या आसपास येतो, आणि डोळे-नाक चिखलात बुडतात. माणसं ओळखू यायला हवीत ती भुवया, बसण्याची ढब, पागोटं यांवरून. ब्रिटिश अधिकारी रिस्लेसाहेबांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जाती लावल्या होत्या. आपल्या निबेनं तो उद्योग पुढे चालवायला नको.

मळेवाला आणि मजूर एवढी दोनच पात्रं ठेवणं ही दुसरी चूक. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्यानं संपली तेव्हा ब्रिटिश सरकारनं साम्राज्यभरातल्या मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना छदामही नाही. मळ्यांवरच्या त्यांच्याच जुन्या झोपड्यांत पुष्कळ ठिकाणी गिरमिटिये येऊन राहिले. म्हणून एकाच झोपडीची चौकट दोनदा काढा, १८३० आणि १८५०, कोन तोच, माणसं वेगळी. शब्दांत पानभर सांगावं लागेल ते तिथे संवादाशिवाय उतरतं. पगाराचंही तसंच. महिना ५ रुपये, आणि एक दिवस चुकला की दोन दिवसांची काट. ही वजाबाकी महिन्याच्या चौकटी पाडून, दिवस खोडत दाखवली तर निवेदनाची गरज पडत नाही.

दोनच रंगांत छापायचं असेल तर निवड निसर्गानं करून ठेवली आहे. रत्नागिरीचा जांभा लाल, मॉरिशसचा बेसाल्ट काळा. मजुरांनी जमीन मोकळी करताना रचलेले काळ्या दगडांचे ढीग उसाच्या शेतांत अजून उभे आहेत. लाल रंग फक्त गावाच्या आठवणींना द्या. तिसऱ्या पिढीपर्यंत तो आपसूक विरळ व्हायला हवा.

ऋतूंकडे लक्ष असू द्या. ऑगस्ट-सप्टेंबरमधली गणेश चतुर्थी तिथे कोरड्या, गारव्याच्या दिवसांत, ऊसतोडणीच्या हंगामात येते. विसर्जनावर कोकणातला पाऊस पाडला की तिथला वाचक पुस्तक मिटतो. बेट दक्षिण गोलार्धात असल्यानं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. डिसेंबरच्या आगेमागचे काही आठवडे तेवढे याला अपवाद.

छपाईचं थोडक्यात: १७ × २४ सेंटिमीटरचं पान, मूळ चित्र दीडपट मोठं, रेषा १२०० डीपीआयवर स्कॅन, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची जागा. पानसंख्या १६ च्या पटीत, म्हणजे १६० किंवा १७६. गोंदाच्या बांधणीत आतल्या बाजूला निदान १५ मिलिमीटर मोकळे सोडा. जोडपानाच्या बरोबर मधोमध चेहरा आला की अर्धं नाक पुठ्ठ्यात जातं.

संवादाच्या फुग्यांवर मात्र वेळ घालवा. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ९ पॉइंटच्या अक्षराला ओळींमधलं अंतर १३ पॉइंटांच्या खाली नेऊ नका. आधी मजकूर बसवा, मग त्याभोवती फुगा काढा. एका फुग्यात २० शब्द म्हणजे डोक्यावरून पाणी. पुस्तक फ्रेंच किंवा क्रिओलमध्येही निघणार असेल तर फुगे आणि आवाजाचे शब्द वेगळ्या लेअरवर ठेवा आणि पाव भाग जागा रिकामी सोडा.

१८५५ चा रत्नागिरीकर पुण्याची प्रमाण मराठी बोलत नव्हता. मळ्यावर तो भोजपुरी आणि बेटाची फ्रेंचजन्य बोली क्रिओल शिकला. त्याची पतवंडं एकमेकांना क्रिओलमध्ये ‘की मान्येर?’ (कसं काय?) असंच विचारतात. मराठी उरते ती पूजेत, आरतीत आणि झाकरीत, म्हणजे आपल्या जाखडीत. शेवटच्या पिढीत आरती गाणाऱ्या मुलाला शब्दांचा अर्थ लागत नसेल, तर ती अक्षरं फुग्यात कोंबू नका. चौकटींच्या रेघा ओलांडून, माणसांच्या मागून, नक्षीसारखी पानभर वाहू द्या, आणि त्याच पानावर आजीच्या एका वाक्याला तेवढा नेहमीचा फुगा ठेवा.