तर्री पोहे आणि मुद्दाम वेडंवाकडं उडणारं विमान

नागपूरला चुलतभावाच्या लग्नाला गेलो होतो, तेही मे महिन्यात. जाताना रात्रभर साइड बर्थवर घडी होऊन पडलो, मग हळद, लग्न, सावजी मटण, कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं, यातलं काही लिहावंसं वाटलं नाही. लिहितोय ते शेवटच्या सकाळच्या तर्री पोह्यांमुळे.

पोहे खायला नवीन वहिनीचे काकाजी घेऊन गेले. पूर्वी फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते, पुष्पक विमानांवर. मी मोबाइलवर अमेरिकेतल्या एअर शोचा व्हिडिओ बघत होतो, शेतकऱ्याच्या वेशातला एक माणूस पाइपर कब नावाचं छोटं पिवळं विमान "चोरतो" आणि ते झिंगल्यासारखं एक पंख खाली घालून जमिनीलगत पळतं. पुढची सीट रिकामी दिसली म्हणून मला क्षणभर वाटलं, गडी पडला बहुतेक.

"एकटा असला की मागंच बसावं लागते, नाही तर तोल जातो," काकाजी म्हणाले.

"पण नवशिका वाटतो हो."

"नवशिका? काहून मस्करी करता! नवशिका पहिल्या वळणातच गेला असता. तो पडून नाही राहिला, पडायचं दाखवून राहिला."

मग चमचा ठेवून त्यांनी पोह्यांची प्लेट उचलली, ती विमान. पंख झुकवणारी स्टिक डावीकडे, पाय नाक वळवणाऱ्या रडरच्या उजव्या पेडलवर, म्हणजे नाक एकीकडे आणि विमान सरकतं दुसरीकडे. याला स्लिप म्हणतात. हवेचा अडथळा वाढतो, उंची भराभर जाते पण वेग वाढत नाही. कबला फ्लॅप्सच, म्हणजे उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्याच, नाहीत, त्यामुळे उंची घालवायची ती रोजचीच पद्धत, हा पठ्ठ्या फक्त त्याचा तमाशा करतो. त्यात वेग जरा जास्तच कमी झाला तर स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली, आणि इतक्या खाली सावरायला जागाच नसते. हे सांगताना प्लेट इतकी मनापासून तिरकी झाली की तर्री सरळ माझ्या पांढऱ्या शर्टावर. पोहेवाला झारा हातात धरून बघत उभा.

शर्टाकडे काकाजींचं लक्षच नव्हतं. व्हिडिओत पुढे ते विमान धावत्या पिकअपच्या टपावर उतरतं, काकाजी मनाने तिथं उतरायला निघाले होते. कबचं इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं, ताशी ६० किलोमीटरच्या आसपाससुद्धा हवेत टिकतं, म्हणजे समोरून वारा असला तर खालच्या गाडीला वर्धा रोडवरच्या टेम्पोइतकंही पळावं लागत नाही.

"तुम्ही बसलात का कधी स्लिपमध्ये?" मी विचारलं.

"एकदा. पुष्पकात, पायलटच्या बाजूले. बंगळूरच्या एचएएलचं विमान, ९० हॉर्सपॉवर, पंखावर कापड. ते कापड ताणून डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप, मीच लावलेला, म्हणून पूर्ण वेळ पंखाकडंच पाहून राहिलो." थोडं थांबून म्हणाले, "सकाळी पोहेच खाऊन गेलो होतो. सगळे बाहेर आले."

एवढं बोलून त्यांनी अजून एक प्लेट सांगितली, तर्री जास्त. "आता तुम्हाले लूप दाखवतो, विमानाची कोलांटी."

मी स्टूल मागे ओढलं.